आधी बैठका, मग यंत्रं



बंगळुरूत मी राहतो त्या भागात कोणत्याही जिममध्ये शिरा, पायांसाठी चार-पाच यंत्रं ओळीनं मांडलेली दिसतात. एकावर बसून पाय समोर झाडायचे, दुसऱ्यावर पालथं पडून टाचा मागे ओढायच्या, तिसऱ्यावर रेलून पायांनी जड पाटा ढकलायचा. आणि एका कोपऱ्यात लोखंडी चौकट, तिच्यावर आडवा बार. नवखा माणूस यंत्रांकडे वळतो, मुरलेला त्या चौकटीकडे. मी व्यायाम शिकवतो, त्यामुळे मला नेहमी विचारतात, की पायांसाठी इतके प्रकार असताना तुम्ही आधी बैठकाच का घ्यायला लावता? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

बैठक मारताना खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे एकदम वाकतात आणि एकदम सरळ होतात. मांडीचा पुढचा भाग, आतला भाग, नितंब, पोटऱ्या, सगळ्यांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं. पोटऱ्या आणि पावलं सोडली तर बाकी सगळा देह उचलायचा असतो. तो पुढे कलंडू नये म्हणून पाठीचे लांब स्नायू आणि पोट घट्ट धरावं लागतं. शिवाय तोल सांभाळायचा. पाय, पाठ, पोट आणि तोल यांची एकाच वेळी परीक्षा घेणारा इतका साधा व्यायाम मला दुसरा माहीत नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट रूप वेटलिफ्टिंगमध्ये दिसतं. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. त्याच दिवशी आपल्या कर्नाटकातल्या कुंदापूरकडच्या गुरुराज पुजारीनं ६१ किलो गटात कांस्यपदक घेतलं. संकेतनं स्नॅचमध्ये, म्हणजे एका दमात बार डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, ११३ किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा हातांचा खेळ आहे. पण हातांनी एवढं वजन थेट डोक्यावर जात नाही. बार छातीच्या आसपास चढतो न चढतो तोच खेळाडू स्वतः झपकन त्याच्याखाली शिरतो, पार खाली बसतो, हात ताठ, बार डोक्यावर. आणि मग त्या तळातून उभा राहतो. ते उभं राहणं म्हणजे निव्वळ बैठक. पाय झाडण्याच्या यंत्रावर कितीही वजन लावा, हे उठणं त्यातून येणार नाही, कारण तिथं गुडघा एकटा राबतो आणि बाकीचं शरीर खुर्चीत बसून असतं.

त्या यंत्रात आणखी एक गोष्ट आहे. पाय मोकळा लोंबकळतो आणि वजन घोट्यापाशी अडकवलेलं असतं. गुडघा सरळ होत येतो तसं मांडीचा स्नायू नडगीला पुढे ओढतो, आणि त्याचा ताण गुडघ्याच्या आतल्या, पुढच्या अस्थिबंधावर येतो. बैठकीत पाऊल जमिनीवर रोवलेलं असतं, मांडीचे मागचे स्नायूही आवळलेले असतात, त्यामुळे तो ओढा बराच सावरला जातो. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाय झाडण्याचा व्यायाम उपयोगी पडतो, यात वाद नाही. पण धडधाकट तरुणानं त्याच्यापासूनच सुरुवात करावी हे मला पटत नाही.

पाटा ढकलण्याच्या यंत्रावर पोरं खूप वजन लावतात आणि खूश होतात. तिथं पाठीला टेकू आहे आणि तोलाचा प्रश्नच नाही, म्हणून ते आकडे चढतात. पळणं आणि सायकल हृदयाला आणि दमाला उत्तम. पण पळताना गुडघा पूर्ण वाकत नाही आणि सायकलवर शरीराचा भार सीट घेते.

बैठकीतही उणं आहे, तेही सांगायला हवं. मांडीच्या मागचा स्नायू खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जातो. खाली बसताना तो वरच्या टोकाला ताणला जातो आणि खालच्या टोकाला सैल पडतो. त्यामुळे त्याची लांबी फारशी बदलत नाही आणि त्याला कामही बेताचंच मिळतं. त्याच्यासाठी कमरेतून वाकून वजन उचलण्याचा व्यायाम वेगळा करावा लागतो. दोन पायांत एक कमजोर असेल तर दुसरा त्याचं काम गुपचूप अंगावर घेतो. म्हणून एक पाय पुढे टाकून खाली जाणारे लंजेसही हवेत. पण हे सगळं बैठकीच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे.

आपल्या तालमींना हे फार पूर्वी उमगलं होतं. जोर आणि बैठका यांची जोडी तिथं कुणी सोडली नाही. वरच्या अंगाला जोर, खालच्या अंगाला बैठका. लाल मातीत समोरच्याचा पट काढायचा तर पैलवानाला एका दमात खाली जावं लागतं आणि जिवंत, धडपडणाऱ्या माणसाचं ओझं घेऊन वर यावं लागतं. तिथं मांड्या भरलेल्या नसतील तर डाव माहीत असून उपयोग होत नाही. या देशी व्यायामांची पद्धतशीर नोंदही मराठीतच झाली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. इतकं मोठं काम आज आपल्या पोरांना ठाऊकही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आपल्या या बंगळुरूत के. व्ही. अय्यर होऊन गेले. त्यांच्या हर्क्युलिस जिम्नॅशियमचं नाव त्या काळी देशाबाहेर पोचलं होतं. आसनं, सूर्यनमस्कार आणि वजनं हे त्यांनी एकाच छपराखाली शिकवलं. होयसळांच्या शांतलाराणीवर कन्नड कादंबरी लिहिणारा हा माणूस पिळदार देहाचा होता, हे मला फार मोलाचं वाटतं. देशी की विलायती असा तंटा त्यांनी घातला नाही. बार खांद्यावर घेऊन मारलेली बैठक आणि तालमीच्या हौद्याकाठी मारलेली बैठक यांच्यातही तसा तंटा नसावा.

आता गुडघ्यांचं. ‘बैठकांनी गुडघे जातात’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. या भीतीला बळ मिळालं ते अमेरिकेत. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी १९६१ साली असं मांडलं, की खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात. पुढे इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा निरोगी गुडघ्यांत तसं आढळलं नाही. पण भीती मात्र राहिली. गुडघे दुखावतात ते घाईनं वजन वाढवल्यानं, तळाशी आदळून उसळी घेतल्यानं, आणि उठताना गुडघे आतल्या बाजूला कोसळल्यानं. ज्यांना संधिवात आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

बंगळुरूच्या बसवनगुडीत दोड्ड गणपतीपुढे सत्तरीच्या आजीबाई हातांची अढी घालून, कान धरून उठाबशा काढताना दिसतात. पाठ ताठ, चेहऱ्यावर ताण नाही. त्यांचा नातू व्हाइटफील्डच्या कुठल्याशा कचेरीत दिवसभर खुर्चीत असतो. घरी सोफा, जेवायला टेबल, सकाळी कमोड. उकिडवं बसण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. मग तिशीतच घोटे ताठरतात आणि बस म्हटलं की टाचा उचलल्या जातात. ब्राझीलच्या क्लाउडिओ अराउजो यांनी २०१२ साली ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताचा, गुडघ्याचा आधार न घेता कोण जमिनीवर बसतं आणि उठतं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. ज्यांना ते जड गेलं, त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू जास्त होते. बैठका मारल्या की आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ मी काढणार नाही. पण पायांतलं बळ आणि उरलेली तब्येत किती जवळून चालतात, हे त्यातून कळतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी भिंतीला टेकवलेली खुर्ची मागे ठेवावी. पाय खांद्यांइतके फाकवून, चवडे किंचित बाहेर. हात छातीशी. खुर्चीला अलगद टेकावं, धपकन बसू नये, आणि टाचांवर जोर देऊन उठावं. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनंच राहायला हवा. टाचा उचलल्या जात असतील तर त्यांच्याखाली पातळ फळी घ्या. पहिले दोन-तीन दिवस मांड्या भरून येतील, जिना उतरताना कळेल; ते चालायचंच. पण सांध्यात टोचलं तर थांबा. हे सोपं झालं की खुर्ची काढा आणि पाठ सरळ राहील तेवढंच खाली जा. त्यानंतर ५ लिटरचा पाण्याचा कॅन छातीशी धरून तेच करा. बार आणि लोखंडी चौकट यांची पाळी त्याच्यानंतर येते.