फाटका आवाज



रेडिओतले सेल उतरत आले म्हणजे निवेदकाचा आवाज कसा होतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तो बारीक तर होतोच, पण त्याबरोबर फाटतोही. आपण म्हणतो, "यंत्र बिघडलं," आणि सेल बदलून मोकळे होतो. आज मला या फाटक्या आवाजाविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण जगात असे वादक पुष्कळ आहेत, की जे हा आवाज मुद्दाम, पैसे मोजून, एका लहानशा डबीतून काढून घेतात. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये ही डबी जोडतात. ती जमिनीवर ठेवून पायाने दाबायची, म्हणून तिला पेडल म्हणतात, आणि तिच्यातून निघणाऱ्या आवाजाला फझ.

मी इतिहासाचा अध्यापक. तारा आणि ट्रान्झिस्टर हा माझा विषय नव्हे. या विषयात मी शिरलो तो माझ्या एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था माझ्याकडे होती. जवळच्या खेड्यातला एक विद्यार्थी गिटार वाजवणार होता. लग्नसराईत मंडपवाल्याकडे काम करून त्याने पैसे साठवले होते, आणि त्या पैशांतून चार ट्रान्झिस्टरांची एक फझ पेडल घेतली होती. अ‍ॅम्प्लिफायर मंडपवाल्याचाच, जुना, व्हॉल्व्हचा. त्याने वाजवायला सुरुवात केली, आणि अशी काही गुरगुर उठली की सूर कोणता आणि गोंगाट कोणता हे कळेना. पुढच्या रांगेतले पाहुणे माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो आणि खूण करून पडदा पाडायला लावला. मुलाने गिटार खाली ठेवली, एक शब्द बोलला नाही. त्यानंतर दोन आठवडे तो वर्गात आला नाही.

शेवटी मी त्याला शोधत बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तो तिथेच बसला होता. मिस्त्रींनी मला स्टूल दिले आणि म्हणाले, "सर, पोराचं चुकलं नाही. डबी आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची सोयरीक चुकली." त्या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला चार-सहा संध्याकाळी लागल्या. तो आता आपल्याला थोडक्यात सांगतो.

धान्य मोजताना पायलीवर शीग चढते. ती फळीने सारखी केली की माथा सपाट होतो. आवाजाचेही तसेच आहे. तारेचा कंप विजेच्या रूपाने यंत्रात शिरतो, तेव्हा त्याची लाट डोंगरासारखी वर-खाली जात असते. यंत्र ती मोठी करते. पण त्याच्या पायलीलाही काठ आहे. काठावर चढलेली शीग कापली जाते. लाटेचा माथा सपाट झाला, की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर जोराने उठतात. कानाला तोच आवाज भरदार, धारदार, जरासा फाटका वाटतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मोठा केला की तो ही शीग हळूच, गोलाईने कापतो. फझ पेडल मात्र फळी मारल्यासारखी सरळ कापते.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठी? तार घोडीच्या सपाटीला घासून उपस्वर जागे व्हावेत म्हणून. तिथली क्रिया वेगळी आहे, पण साध्या स्वराला उपस्वरांनी भरून काढायचे, ही हौस तीच.

आता इतिहास. १९५१ साली अमेरिकेत मेंफिस येथे 'रॉकेट ८८' नावाचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. वाटेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली होती. कोणी म्हणतात पावसाने, कोणी म्हणतात गाडीवरून पडल्याने. आत कागद कोंबून तसाच वाजवला, आणि तो घोगरा आवाज लोकांना आवडला. पुढे नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याच्या वेळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातच बिघाड झाला, आणि ग्रेडी मार्टिन यांचे वादन फाटून उमटले. ते गाणे १९६१ साली तसेच बाहेर आले. ग्लेन स्नॉडी हे तिथले ध्वनिमुद्रक. त्यांनी बिघाड दुरुस्त करून विषय संपवला नाही. तो पुन्हा मुद्दाम कसा घडवता येईल याचा विचार केला आणि सहकाऱ्याच्या मदतीने तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचे मंडल बांधले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'माइस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. आरंभी खप बेताचाच होता. १९६५ साली रोलिंग स्टोन्स यांच्या 'सॅटिसफॅक्शन' या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ती वाजवली, आणि मागणी एकदम वाढली. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, लंडनच्या आर्बिटर कंपनीची गोल थाळीसारखी 'फझ फेस' आली. तिच्यात अवघे दोन ट्रान्झिस्टर. जिमी हेंड्रिक्स यांनी ती मोठ्या आवाजाच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरपुढे वाजवून जगप्रसिद्ध केली.

मग आमच्या मुलाची सोयरीक चुकली ती कुठे? मिस्त्रींचे म्हणणे असे: अ‍ॅम्प्लिफायर आधीच काठोकाठ भरलेला. त्यापुढे जोडलेली चार ट्रान्झिस्टरांची डबी खर्जाचे स्वर भरपूर सोडते आणि मधले स्वर दाबते. स्वच्छ, मोठ्या ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे ती छान वाजते. पण भरलेल्या पायलीत हा खर्जच सगळी जागा खातो, आणि ज्या मधल्या स्वरांनी गिटार ओळखू यायची ते बुडतात. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर मुळातच फाटत असेल, तर डबी कमी खर्जाची आणि साधी निवडावी.

दुसरी गोष्ट स्वरांच्या निवडीची. फझमध्ये दोन स्वर एकदम छेडले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर उठतात. षड्ज २४० कंपनांचा आणि पंचम ३६० चा धरा. वजाबाकी १२०, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच! म्हणून षड्ज-पंचमाची जोडी फझमध्ये भारदस्त वाजते. पण सहा तारांवर चार-पाच निराळे स्वर एकदम छेडले, की नको ते स्वर उठून चिखल होतो. आमच्या मुलाने रंगमंचावर नेमके हेच केले होते.

मिस्त्रींनी आणि मुलाने मग फझ फेसच्या धर्तीवर नवी डबी बांधली. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत आवाज मोठा करायला जर्मेनियमचे एसी १२८ वापरत. तसे मूठभर मिस्त्रींच्या डब्यात पडलेले होते. त्यांतून मापून दोन निवडले. पहिल्याचे गुणन ७०-८० आणि दुसऱ्याचे १००-१२० च्या आसपास असले की बरे जमते. नुसता नंबर पाहून ट्रान्झिस्टर घालू नये, कारण एकाच नंबरच्या दोन नगांत फार तफावत असते.

मूळ आराखड्यात तोंडाशी २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. तो काढून त्यांनी ०.१ चा घातला. लहान कपॅसिटर खर्जाला अडवतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला श्वास घ्यायला जागा झाली. दुसऱ्या ट्रान्झिस्टरजवळ ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्याच्या जागी फिरवता येणारा प्रीसेट बसवला आणि मीटर लावून तिथला दाब ९ व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे साडेचारवर आणला. दाब फार ढळला की स्वर तुटक निघतो. डबी नेहमी गिटारच्या लगेच पुढे ठेवायची. मग गिटारचेच बटन थोडे उतरवले की आवाज निवळतो, आणि वर चढवले की पुन्हा फाटतो.

एप्रिल आला आणि नवीच अडचण उभी राहिली. दुपारी पत्र्याच्या दुकानात डबी कुंथू लागली. संध्याकाळी पुन्हा ठीक. कारण जर्मेनियम उष्णतेला फार हळवे. दर दहा अंशांमागे त्यातली विजेची गळती साधारण दुप्पट होते. मुलाने डबी माठाशेजारी ओल्या पोत्याजवळ ठेवली, आणि अर्ध्या तासात ती वाजू लागली! पण वादकाने माठ घेऊन थोडेच हिंडायचे? तेव्हा सिलिकॉनच्या बीसी ५४७ ची दुसरी डबी बांधली. हा ट्रान्झिस्टर उलट जातीचा, म्हणून सेलची टोके बदलावी लागतात, हे विसरू नये. ती उन्हाला जुमानेना. मात्र रात्री गिटार स्वस्थ असताना तिच्यातून बारीक आवाजात बाजारभाव ऐकू येऊ लागले! डबीने रेडिओच पकडला होता. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर लावल्यावर बाजारभाव थांबले. तेव्हापासून उन्हाळ्यात सिलिकॉन आणि थंडीत जर्मेनियम, असा त्याचा शिरस्ता झाला.

शाळेतल्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सांगणे एवढेच, की ९ व्होल्टच्या सेलवरचे हे मंडल मुलांकडून वर्गात बांधून घेण्यासारखे आहे. कपॅसिटर बदलला की आवाज बदलतो, हे कानाने कळते. पण व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कोणीही उघडू नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि बटन बंद केल्यावरही काही काळ साठून राहतात.

पुढच्या संमेलनात तो मुलगा पुन्हा वाजवायला बसला. या वेळी षड्ज-पंचमाची जोडी धरून, मोजके स्वर घेत त्याने वाजवले. सगळ्यांना आवडले असे नाही; काहींनी कानांत बोटे घातली. पण प्रत्येक स्वर ओळखू येत होता, आणि मी पडद्याच्या दोरीपासून लांब, मागच्या भिंतीशी उभा होतो.

स्नॉडी यांच्यासमोर बिघाड आला, तेव्हा त्यांनी विचारले, हा आवाज आला कुठून? माझ्यासमोर आला, तेव्हा मी पडदा पाडला. विचारायला मला चार पावले चालून जावे लागले असते. शिक्षकाच्या हातात खडू असतो तशी ती दोरीही असते. ती ओढण्याआधी एक प्रश्न विचारावा, एवढे मी शिकलो.

तो मुलगा आता नोकरीनिमित्त परगावी असतो. त्या दिवसाबद्दल मी त्याच्याशी कधी स्पष्ट बोललो नाही. दुकानात जाऊन बसलो, डाग लावायची कावी त्याच्या हातात देत राहिलो, आणि तेवढ्याने भागले असे मानले. ते भागत नाही. बाळा, तू हे ऐकत असशील, तर माझे चुकले होते.