छोट्या फटफटीची टाकी

देवळांतील अभिषेकपात्र ज्यानें एकदां लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्याला मोटारसायकलची टाकी इंजिनाच्या वर कां असते, हें निराळें सांगावें लागत नाहीं. पात्र पिंडीच्या वर टांगलेलें असतें, आणि बुडाच्या छिद्रांतून पाण्याची धार स्वतःच्या भारानेंच खालीं येते. मोटारसायकलच्या टाकींतील पेट्रोलही असेंच, केवळ उंचीच्या बळावर, खालच्या कार्ब्युरेटरमध्यें उतरत आलें आहे. पाहणाऱ्याला टाकी हा गाडीचा दागिना वाटतो. झगझगीत रंग आणि कारखान्याचें नांव तिच्यावरच मिरवतात. परंतु तिची जागा प्रथम ठरविली ती पृथ्वीच्या आकर्षणानें. अलीकडच्या पुष्कळ मोटारसायकलींत टाकीच्या पोटांतच विजेवर चालणारा पंप असतो, आणि त्यांच्यापुरता हा नियम सैल झाला आहे. साध्या कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या लहान गाड्यांना मात्र तो अजून लागू आहे. आणि हौशी कारागीर ज्या गाड्यांची टाकी हलवूं पाहतात, त्या बहुधा याच जातीच्या असतात.

अशा गाड्यांत ‘मिनी बाईक’ हिचें स्थान पहिलें. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत ही बुटकी फटफटी घरोघरच्या परसांत धांवूं लागली. लोखंडी नळ्या वांकवून जोडलेला सांगाडा, ढकलगाडीला शोभतील एवढीं चाकें, आणि बागकामाच्या वा पाणी उपसण्याच्या यंत्रासाठीं बनविलेलें चार-पांच अश्वशक्तीचें इंजिन, एवढाच तिचा संसार. इंजिनाबरोबर त्याची टाकीही येते. होंडा कंपनीच्या जीएक्स मालिकेंतील इंजिनांवर, आणि त्यांच्या नमुन्यावर निघालेल्या आजच्या स्वस्त इंजिनांवर, ही टाकी डोक्यावर बसविलेली असते. एका जागीं उभ्या राहणाऱ्या यंत्राला ती जागा उत्तम. फटफटीच्या सांगाड्यांत मात्र ती वरच्या नळीला अडते, इंजिनाबरोबर सारखी थरथरते आणि गाडीला ठोकळ्याची कळा आणते. मग ती काढून सीटच्या पुढें, सीटखालीं किंवा मागच्या चाकावर दुसरी टाकी बसवावी, असें कोणाच्याही मनांत येतें. काम चार बोल्टांचें दिसतें. खरा प्रश्न बोल्ट आवळून झाल्यावर सुरू होतो.

हा प्रश्न किती जुना आहे, तें दुसऱ्या महायुद्धांतील एका यंत्राच्या कथेवरून समजतें. १९४२ सालीं इंग्लंडांतील वेलविन गांवाजवळ, गुप्त युद्धकार्याच्या एका केंद्रांत, हॅरी लेस्टर यांनीं ‘वेलबाइक’ नांवाची घडी होणारी फटफटी तयार केली. हवाई छत्रीनें उतरलेल्या सैनिकाला जमिनीवर पाय टेकतांच एक वाहन मिळावें, हा तिचा हेतु. विमानांतून सामान टाकण्याच्या नळकांड्यांत ती मावणें आवश्यक होतें, आणि त्या नळकांड्याची लांबी ५१ इंच व व्यास १५ इंच होता. ९८ सीसीचें विलियर्स इंजिन, एकच गति, एकच ब्रेक, दिवा नाहीं. वजन सुमारें ३२ किलो. एक्सेल्सिअर कंपनीनें अशा साडेतीन हजारांहून अधिक गाड्या बनविल्या. एवढ्या अरुंद जागेंत टाकी नेहमींप्रमाणें वर ठेवणें शक्यच नव्हतें. ती कार्ब्युरेटरच्या खालच्या पातळीवर उतरवावी लागली, आणि त्याबरोबर पेट्रोलची आपोआप येणारी धारही बंद झाली.

यावर काढलेला तोडगा श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरांतला आहे. टाकींत हातपंपानें हवा भरावयाची, आणि त्या हवेच्या दाबानें पेट्रोल वर चढवावयाचें. म्हणजे हुबेहूब रॉकेलच्या स्टोव्हची रीत. ज्या घरांत स्टोव्ह पेटत असे, तेथील प्रत्येकाला ठाऊक होतें कीं, एकदां पंप मारल्यानें काम संपत नाहीं. हवा कमी होत जाते, ज्योत मंदावते आणि पुन्हां पंपाला हात घालावा लागतो. रणांगणावर उतरलेल्या सैनिकालाही गाडी सुरू करण्यापूर्वीं तेंच करावें लागे. टाकी खालीं नेल्यानें जागा वांचली. पण उंची जें काम फुकट करीत होती, तें माणसाच्या हातावर येऊन पडलें.

हें फुकटचें काम मोजतां येतें. पेट्रोल पाण्याहून हलकें. एका लिटराचें वजन सुमारें पाऊण किलो. टाकींतील पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरहून ३० सेंटिमीटर उंच असली, तर मिळणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या अवघा दोन टक्के भरतो. एवढ्यावर भागतें, कारण कार्ब्युरेटरच्या पोटांत एक छोटी कुंडी आणि तींत तरंगणारा एक पोकळ गोळा असतो. कुंडी भरली कीं गोळा वर येऊन सुईनें वाट बंद करतो. पेट्रोल खर्चलें कीं खालीं जाऊन ती उघडतो. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकींतही हीच युक्ति असते. फटफटीची टाकी सीटखालीं गेली कीं ही दोन टक्क्यांची पुंजी घटते. टाकी भरलेली असतां गाडी नीट धांवते आणि पातळी अर्ध्यावर आली कीं धापा टाकूं लागते. मालक मात्र प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करीत बसतो. म्हणून उंची मोजावयाची ती टाकीच्या बुडापासून, आणि गाडी चढावर उभी करून. कारण चढावर मागें बसविलेली टाकी आणखी खालीं जाते.

बूड कार्ब्युरेटरच्या खालीं जाणारच असेल, तर पंप घ्यावा लागतो, आणि त्याला लागणारी शक्ति इंजिनाच्या पोटांतच तयार असते. दट्ट्या वरखालीं होतांना इंजिनाच्या खालच्या पेटींतील हवा आळीपाळीनें ताणली आणि दाबली जाते. तेथून एक बारीक नळी पंपाला जोडली, कीं पंपांतील लवचिक पडदा त्या ठोक्यांबरोबर हलतो व पेट्रोल ओढून पुढें ढकलतो. ही नळी आंखूड असावी, नाहींतर ठोका वाटेंतच विरतो. आणि पंप नळीच्या उगमाहून वर असावा, म्हणजे इंजिनाचें तेल तींत सांचत नाहीं. नव्या मोटारीचा विजेचा पंप येथें चालत नाहीं. त्याच्या जोरापुढें कार्ब्युरेटरची सुई टिकाव धरीत नाहीं आणि पेट्रोल ओसंडूं लागतें. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या कित्येक जुन्या इंजिनांत तर कार्ब्युरेटर टाकीच्या डोक्यावरच बसलेला असतो आणि नळीनें खालचें पेट्रोल शोषून घेतो. तेथें टाकी हलवावयाची म्हणजे कार्ब्युरेटरही बदलावा लागतो.

उंचीइतकीच टाकीला श्वासाची गरज असते. तेलाच्या बंद डब्याला एकच भोंक पाडलें तर तेल गुळगुळ करीत अडखळतें. दुसरें पाडतांच धार सरळ लागते. टाकीच्या झांकणांतील बारीक छिद्र म्हणजे तें दुसरें भोंक. तें बुजलें तर कांहीं वेळानें इंजिन बंद पडतें, झांकण उघडतांच पुन्हां चालूं लागतें, आणि दोष कोठें आहे तें उमगत नाहीं. उलट, नव्या जागीं टाकी आडवी बसविली तर याच छिद्रांतून पेट्रोल सांडतें. त्यासाठीं छिद्राला नळी जोडून ती आधीं वर नेतात आणि मग इंजिनापासून दूर खालीं वळवितात.

यानंतर तोलाचा विचार. वजन जितकें खालीं तितकें चांगलें, ही समजूत मोठमोठ्या कारखान्यांनाही चकविते. १९८४ सालीं होंडा कंपनीनें आपल्या एनएसआर ५०० या शर्यतीच्या मोटारसायकलींत टाकी इंजिनाच्या खालीं नेली आणि धूर नेणाऱ्या नळ्या वर, टाकीच्या नेहमींच्या जागीं आणल्या. प्रत्यक्षांत ती गाडी हाताळण्यास अवघड ठरली, आणि तापलेल्या नळ्यांखालच्या इंजिनावर काम करणें यांत्रिकांना जिकिरीचें झालें. पुढच्या वर्षीं टाकी पुन्हां वर आली, आणि १९८५ सालीं फ्रेडी स्पेन्सर यानें त्याच मालिकेच्या गाडीवर ५०० सीसीचें जगज्जेतेपद मिळविलें. मिनी बाईकच्या टाकींतील दोन लिटर पेट्रोलचें वजन दीड किलोच भरतें. पण गाडी इतकी आंखूड असते कीं, मागच्या चाकाच्याही मागें टांगलेली टाकी पुढचें चाक हलकें करते. हँडलला बांधलेली टाकी हँडलबरोबर फिरते आणि नळीला पीळ देते. सीट आणि हँडल यांच्यामधील वरच्या नळीवर टाकी बसविण्याची जुनी रीत अशा रीतीनें पुन्हां योग्य ठरते.

येथवरचा प्रश्न गाडीच्या चालण्याचा होता. पुढचा जिवाचा आहे. मिनी बाईकवर बहुधा मूल बसतें, आणि टाकी त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर असते. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडींतही पेट घेते, आणि हवेहून जड असल्यामुळें ती खालीं, तापलेल्या इंजिनाकडेच उतरते. म्हणून टाकीच्या बुडाशीं हाताला सहज लागेल अशी तोटी हवी. नळी पेट्रोलसाठींच बनविलेली, दोन्ही टोंकांस पट्ट्यांनीं आवळलेली आणि सायलेन्सरपासून दूर हवी. टाकी रबरी गाद्यांवर बसवावी, नाहींतर थरथरीनें तिचा पत्रा तडकतो. गाडी आडवी पडली असतां जमिनीला प्रथम टेकणारा भाग टाकी असूं नये. आणि जुन्या टाकीला नवे पाय जोडण्यासाठीं ती तशीच वेल्डिंगला देणें हा तर मृत्यूशीं खेळ. रिकाम्या टाकींत उरलेली वाफ हवेंत मिसळून जो स्फोट करते, तो भरलेल्या टाकीहूनही भयंकर असतो.

काम पुरें झाल्यावर गाडी लगेच मुलाच्या हातीं देऊं नये. टाकी पाव भरून ती चढावर चालवून पाहावी, क्षणभर आडवी करून पाहावी, रात्रभर उभी ठेवून सकाळीं तिच्याखालची फरशी पाहावी. जुनी जागा धार, श्वास, तोल आणि आगीपासूनचें अंतर हीं चारही कामें मुकाट्यानें सांभाळीत होती. नव्या जागेनें तीं सांभाळून दाखविलीं, आणि सकाळची फरशी कोरडी निघाली, म्हणजे मग मुलाला खुशाल त्या गाडीवर बसवावें.