स्वसंरक्षणासाठीं रिव्हॉल्वर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर खडू आणि फळा यांची संगत केलेल्या शाळामास्तरानें रिव्हॉल्वरविषयीं बोलावें हें थोडें विपरीतच दिसतें. परंतु शाळेंतील छात्रसेनेच्या मुलांना .२२ बोअरच्या बंदुकीनें निशाण मारण्यास शिकविण्याचें काम पुष्कळ वर्षें माझ्याकडे होतें; त्यामुळें ओळखीचे लोक या बाबतींत अजूनहि मला विचारावयास येतात. कोणी सराफ असतो, कोणी पेट्रोलपंपाचा मालक, कधीं गांवाबाहेरच्या बंगल्यांत एकटें राहणारें वृद्ध जोडपें. परवाना मिळण्याच्या बेतांत आहे, आतां कोणतें रिव्हॉल्वर घ्यावें, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याचें उत्तर देतां येण्यासारखें आहे, आणि तें आज मी यथामति देणार आहे.

प्रथम कायद्याविषयीं थोडें. लॉर्ड लिटननें १८७८ सालीं केलेला शस्त्रांचा कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला, व तो १९६२ पासून अमलांत आहे. एकवीस वर्षांखालील माणसास शस्त्र बाळगतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानेदारास दोहोंपेक्षां अधिक बंदुका-पिस्तुलें ठेवतां येत नाहींत, आणि परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे. सैन्याच्या व पोलिसांच्या वापरांतील काडतूस ज्यांत बसेल अशीं हत्यारें सामान्य नागरिकांस वर्ज्य आहेत. यामुळें आपल्याकडे निवडीचा अर्धा प्रश्न सरकारनेंच सोडविलेला आहे. रिव्हॉल्वर घ्यावयाचें म्हणजे बहुधा .३२ बोअरचें. अमेरिकेंत कोणत्या बोअरची गोळी अधिक परिणामकारक यावर लोक तासन् तास वाद घालतात. येथें त्या वादांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं. .३२ चें लांब काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीनें १८९६ सालीं काढलें. तें मोठ्या बोअरच्या मानानें सौम्य आहे हें खरें. पण सौम्य असल्यामुळेंच हाताला धक्का कमी बसतो, आणि नवशिक्याची दुसरी गोळीहि नेमकी जाण्याचा संभव वाढतो.

कपड्याखालीं लपवून बाळगावयाच्या रिव्हॉल्वरचा विचार अमेरिकेंत पुष्कळ झाला, व तो आपल्यासहि उपयोगी आहे. कोल्ट कंपनीनें १९२७ सालीं दोन इंच नळीचें ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढलें. त्याच्या चक्रांत सहा काडतुसें बसत. १९५० सालीं स्मिथ अँड वेसननें ‘चीफ्स स्पेशल’ काढलें. त्यांत एक काडतूस कमी करून चक्राची जाडी घटविली, म्हणजे अंगावर फुगवटा कमी दिसे. यांतलें मर्म असें कीं लहानपणाची किंमत कोठेंतरी मोजावीच लागते. नळी आंखूड झाली कीं पुढच्या माशीपासून मागच्या खांचेपर्यंतचें अंतर घटतें, आणि नेम धरतांना झालेली केसाएवढी चूक लक्ष्यापाशीं वीतभर होते. वजन कमी झालें कीं धक्का वाढतो. मूठ तोकडी झाली कीं करंगळीस आधार राहत नाहीं. दुकानदार यांपैकीं हलकेपणा तेवढा वाखाणतो.

आतां ज्या गोष्टीकडे विकत घेणारा सहसा पाहत नाहीं, त्या चापाकडे वळूं. रिव्हॉल्वर दोन रीतींनीं उडवितां येतें. अंगठ्यानें घोडा मागें ओढून ठेवला तर चाप अगदीं हलका होतो; बोट लागण्याचा अवकाश कीं गोळी सुटलीच. दुसऱ्या रीतींत घोड्याला हात लावावयाचा नाहीं. नुसता चाप दाबला कीं चक्र फिरतें, घोडा उठतो आणि पडतो. हा चाप जड व लांब असतो. नवशिक्यास हा जडपणा दोष वाटतो. माझ्या मतें तोच त्या हत्याराचा सर्वांत मोठा गुण आहे. भ्यालेल्या माणसाचें बोट त्याच्या मनाच्या आधीं आवळतें. घोडा चढविलेलें रिव्हॉल्वर अशा माणसाच्या हातीं असलें, आणि अंधारांतून पुढें आलेला इसम चोर नसून पाणी पिण्यास उठलेला स्वतःचा मुलगा असला, तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून सराव करावयाचा तो जड चापाचाच, आणि घोडा चढविण्याची संवय हातास लावूंच नये. दुसरें असें कीं घोड्याचें वर आलेलें टोंक खिशाच्या अस्तरांत किंवा पदरांत नेमक्या वेळीं अडकतें. हें ओळखून स्मिथ अँड वेसननें १८८७ सालींच घोडा आंत झांकलेलें रिव्हॉल्वर बाजारांत आणलें होतें. मूठ नीट आवळल्याखेरीज त्याचा चाप हलत नसे. सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी याहून शहाणी कल्पना मला तरी आढळलेली नाहीं.

आपल्या देशांत कानपूरच्या सरकारी कारखान्यांत .३२ चीं रिव्हॉल्वरें बरींच वर्षें तयार होत आलीं आहेत. त्यांची घडण जुन्या वेब्ली जातीची. म्हणजे मधोमध मोडून काडतुसें भरावयाचीं. २०१४ सालीं तेथूनच ‘निर्भीक’ नांवाचें टिटॅनियमच्या मिश्रधातूचें, सुमारें ५२५ ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्वर स्त्रियांसाठीं म्हणून निघालें. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. एवढी रक्कम कोणत्या भगिनीच्या पर्समध्यें असते, हा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांनीं विचारला, आणि तो रास्तच होता. पुढें २०२३ सालीं ‘प्रबल’ आलें. त्याचें वजन ६७५ ग्रॅमच्या घरांत, नळी ७६ मिलिमीटरची, आणि चक्र बाजूस उघडणारें. हातांत जोर बेताचा असेल त्यानें वजनदार हत्यारच घ्यावें असें मी सांगतों, तेव्हां ऐकणारा चकित होतो. परंतु दीडशें ग्रॅम अधिक वागविण्याचा त्रास रोजचा असला तरी सोसवतो, गोळीचा धक्का न सोसून नेम चुकण्याचा त्रास सोसवण्यासारखा नसतो. दुकानांत हत्यार पूर्ण रिकामें असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी, आणि मालकाच्या परवानगीनें एका हातानें दहा वेळां चाप दाबून पाहावा. दहाव्या वेळीं हात थरथरूं लागला तर तें हत्यार आपलें नव्हे.

बाळगावयाचें कसें? चाप पूर्ण झांकणाऱ्या चामड्याच्या म्यानांत, ज्यास होल्स्टर म्हणतात. धोतराच्या ओंच्यांत, विजारीच्या नुसत्या खिशांत किंवा किल्ल्या, सुटे पैसे व पावडरच्या डबीबरोबर पर्समध्यें रिव्हॉल्वर ठेवणें हा निव्वळ वेडेपणा होय. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा, शाळा-कॉलेजचें आवार, या ठिकाणीं विशेष परवानगीवांचून हत्यार नेऊं नये अशी अट परवान्यावरच असते. लग्नाच्या वरातींत आनंदाचे बार काढणारांस २०१९ पासून दोन वर्षेंपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीहि होऊं शकतात. लपविलेलें हत्यार लपलेलेंच राहिलें पाहिजे. मित्रमंडळींत काढून दाखविणारा आपल्या घरीं चोरण्यालायक काय आहे याची दवंडीच पिटत असतो.

बाहेरच्या चोरापेक्षां मला अधिक काळजी वाटते ती घरांतल्या माणसांची. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलें म्हणजे मुलांना सांपडणार नाहीं, असें समजणाऱ्यांनीं लाडवांचा डबा कोठें ठेवला होता तें आठवावें. घरांत कोणी परीक्षेंत नापास झालेला, कर्जांत बुडालेला किंवा उदास होऊन गप्प बसणारा असेल, तर भरलेलें रिव्हॉल्वर त्याच्यापासून एका क्षणाच्या अंतरावर असतें. आणि तो क्षण टळला तर बहुधा जीव वांचतो. अशा घरांत परवाना असला तरी हत्यार आणूं नये, व आधींच असलें तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यानें रीतसर दुसरीकडे ठेवावें. एरवीं तें लोखंडी पेटींत कुलुपांत राहावें, किल्ली एकाच्याच अंगावर असावी, आणि काडतुसें निराळ्या कुलुपांत.

मग वेळेवर हातीं कसें येणार, असें सराफ मला विचारतात. दुकानांत तें अंगावर असावें, घरीं कुलुपांत. यांहून तिसरी सोईची जागा मला ठाऊक नाहीं. गांवाबाहेरच्या त्या वृद्ध जोडप्यास तर मीं मजबूत दार, आवारांत दिवा आणि एक भुंकणारा कुत्रा एवढेंच सुचविलें. सत्तरीच्या गृहस्थांचा हात कांपत होता, आणि बाईंना त्या वस्तूची भीति वाटत होती.

स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेनें दिला होता; १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. जरुरीहून अधिक इजा करण्याची मुभा त्यांत नाहीं, आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तेथें हा हक्क उरत नाहीं. जिवाचें किंवा अशाच घोर अपायाचें वाजवी भय असेल तरच समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत तो पोंचतो. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडली, तर आपण जीव वांचविण्यासाठींच ती झाडली, हें न्यायाधीशास पटविणें फार जड जाईल.

शेवटीं काडतुसांविषयीं. ओलावा आणि तेल यांनीं तीं निकामी होतात. म्हणून हत्यारास तेल दिल्यावर चक्राचीं घरें कोरड्या फडक्यानें पुसून मगच भरावें. वर्षानुवर्षें तींच सहा काडतुसें बाळगूं नयेत. जुनीं झालेलीं रायफल क्लबांत जाऊन सरावांत उडवावीं, आणि त्या जागीं नवीं, परवान्यावर नोंद करून घ्यावीं.