दोष कोणाला द्यावा?

लष्करी विमान वस्तीवर कोसळले आणि वैमानिक हवाई छत्रीने वाचला, की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो : हा कसा वाचला? चौकशीआधीच निकाल लागतो.

८ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात मरीन दलाचे एफ-१८ विमान सरावाहून परतताना घरांवर कोसळले. एकाच घरातील आई, दोन तान्ह्या मुली व आजी मृत्युमुखी पडल्या. मुलींच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले, की वैमानिकाला आपण दोष देत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मार्च २००९ मध्ये चौकशीचे निष्कर्ष जाहीर झाले. विमानाचे एक इंजिन बंद करावे लागले होते व दुसऱ्याला इंधन पोहोचेना. इंधनव्यवस्थेतला हा बिघाड कित्येक महिने ठाऊक होता. समुद्राकडून उतरता येईल असा तळ सोडून विमान वस्तीवरून नेण्याचा निर्णयही एकट्या वैमानिकाचा नव्हता. जमिनीवरचे अधिकारी त्यात होते. तेरा जणांवर कारवाई झाली. पैकी चार अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले.

वैमानिक निर्दोष होता, असे मी म्हणत नाही. परंतु त्याच कुटुंबाने पुढे सरकारवर दावा लावला आणि २०११ साली न्यायालयाने भरपाई मंजूर केली. माणसाला क्षमा आणि व्यवस्थेला जाब, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

वर्गात काच फुटली, की जवळ उभ्या असलेल्या मुलाचा कान आपण पिरगळतो. खिडकीची चौकट केव्हापासून खिळखिळी होती, हे विचारायचे राहूनच जाते.