जादूची किंमत

आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी पाच तरुण मंडळी जमतात. चार माझे विद्यार्थी, पाचवी माझी मुलगी. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि चिवड्याची ताटली एवढे साहित्य मांडले की खेळ सुरू होतो. खेळ कसला म्हणाल, तर मिळून गोष्ट रचण्याचा. प्रत्येक गडी एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी तलवारबहाद्दर, कोणी चोर, कोणी मांत्रिक. उरलेले सारे जग ज्याने सांभाळायचे त्याला इंग्रजीत 'गेम-मास्टर' म्हणतात. आमच्याकडे नुसता 'मास्तर', आणि पेशानेही मी तोच. मी सांगतो, "पुढे नदी आहे, पूल तुटला आहे. काय करता?" मंडळी उत्तर देतात. यशाची खात्री नसेल तिथे फासे बोलतात.

हा खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली बाजारात आला. त्यातल्या जादूची कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्स या कादंबरीकाराकडून उचलली. व्हान्सच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातला मांत्रिक मंत्र पाठ करतो, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा घोकायचा. हे वाचून मला आपला कर्ण आठवला. ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही हा त्याला परशुरामाचा शाप, आणि इंद्राने दिलेली शक्ती तर एकदाच सोडता येणारी. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली, पण घटोत्कचावर खर्च करावी लागली. ती शक्ती दहा वेळा सोडता आली असती, तर त्या रात्रीच्या युद्धात ऐकण्यासारखे काय उरले असते?

हे सारे ठाऊक असूनही मी पहिला घाट घातला तो चुकीचाच. छापील नियमांवर समाधान मानील तो मास्तर कसला! मी घरचे नियम केले. मांत्रिकाला वीस गुण. लहान मंत्राला एक, मोठ्याला पाच. रात्रभर झोप झाली की वीसच्या वीस परत. कागदावर सुरेख दिसत होते. खेळताना मात्र मंडळी दर चकमकीनंतर झोपायला निघू लागली! भर दुपारी शत्रूच्या दारात अंथरूण. वाटेत दरी आली, मांत्रिकाने उडवून नेले. दार आले, मांत्रिकाने उघडले. पहारेकरी आला, मांत्रिकाने निजवला. आणि मांत्रिक होती माझी मुलगी.

तलवारबहाद्दर झालेला मुलगा पहिल्या वर्षाचा, अबोल. तीन रविवार तो उत्साहाने आला. चौथ्या रविवारी मोबाइल पाहत बसला. पाचव्या रविवारी आलाच नाही. कॉलेजात गाठून विचारले तेव्हा आधी अभ्यासाचे निमित्त सांगितले, मग हळूच म्हणाला, "सर, तिथे माझ्या तलवारीचं काही कामच नाही." मुलीचे नाव त्याने काढले नाही, हा त्याचा चांगुलपणा. पण मला जे समजायचे ते समजले.

मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. १९८७ सालच्या 'आर्स मॅजिका' या खेळात मंत्रांची यादीच मुख्य नाही. पाच लॅटिन क्रियापदे आणि दहा नामे दिली आहेत, त्यांची सांगड घालून मांत्रिकाने आपली जादू जुळवायची. व्याकरण शिकवणाऱ्याला याहून गोड खाऊ कोणता? मी पाच क्रिया घेतल्या: घडव, मोड, हलव, बदल, जाण. नामे म्हणून पंचमहाभूते आणि सहावा प्राण. पाच सक तीस जोड्या झाल्या. 'आकाशा'चे काय करायचे हे कोणाला सुचेना, तेव्हा शब्द हा आकाशाचा गुण, हे आमच्या दर्शनकारांचे मत मी सांगितले. मुलीने लगेच 'हलव' आणि 'आकाश' जोडून आपला खोकला पहारेकऱ्याच्या पाठीमागे नेऊन ठेवला.

यशासाठी दोन साधे फासे. लहान कामाला बेरीज पाच किंवा अधिक, मध्यमाला सात, मोठ्याला नऊ. मी गणिताला घाबरणारा, पण दोन फाशांच्या छत्तीस तऱ्हा बोटांवर मोजता येतात: तीस वेळा पाच साधते, एकवीस वेळा सात, आणि नऊ फक्त दहा वेळा.

पण खरा प्रश्न किमतीचा होता. १९८१च्या 'कॉल ऑफ क्थुलू'त मंत्र म्हणणाऱ्याचे मनःस्वास्थ्य ढळत जाते. ते मला घरात नको होते. मग सुचले की हा खेळ सारा बोलण्याचा; तेव्हा किंमत वाचेची घ्यावी. मंत्र साधो वा फसो, म्हणणाऱ्याला मौन. लहान मंत्राला, दुसरा कोणी फासे टाकीपर्यंत. मध्यमाला, प्रसंग बदलेपर्यंत. मोठ्याला, गोष्टीत सूर्य उगवेपर्यंत. तोंडच बंद, म्हणजे तोवर दुसरा मंत्रही नाही. खाणाखुणा चालतील, लिहून दाखवणे नाही. आणि हे मौन पात्राने नव्हे, टेबलाशी बसलेल्या माणसाने पाळायचे.

मुलगी म्हणाली, "बाबा, हा नियम तुम्ही माझ्यासाठीच केलात." मी नाही म्हटले नाही. त्या मुलाला निरोप धाडला, आणि तो आला.

त्या दिवशी पुन्हा तीच नदी होती. मुलीने पूर ओसरावा म्हणून मोठा मंत्र टाकला. दहा पडले! पाणी उतरले, पात्रातले दगड उघडे पडले, आणि ती सकाळपर्यंत मुकी झाली. आता पुढे कोण? सारे तलवारबहाद्दराकडे पाहू लागले. मुलीने त्याला तीन बोटे दाखवली. तिला म्हणायचे होते, तिसरा दगड डळमळीत आहे. त्याला वाटले, पलीकडे तीन शत्रू आहेत. तलवार उपसून, आरोळी ठोकून, तो धावत सुटला. पहिला दगड, दुसरा दगड. मुलगी दोन्ही हातांनी कपाळ बडवत होती, पण तोंडातून एक अक्षर काढील तर शपथ. तो स्वतः निघाला पोहत. तलवार गेली वाहून. पुढच्या रविवारी ती शोधायला जायचे आहे, आणि वाट तोच काढणार आहे.