पणजोबांच्या मृत्यूची नोंद कुठे शोधाल?
पणजोबा कोणत्या साली वारले हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष गाठा. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा. त्याआधीच्या खेड्यांतल्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजेच कोतवाल बुकात सापडतात. अर्जात गावाचं नाव आणि अंदाजे साल हवंच. नुसत्या नावावर शोध लागणं कठीण. जातपडताळणीवाले याच नोंदींच्या नकला मागतात, त्यामुळे कारकुनाला फार समजवावं लागत नाही! जुनी पानं पुष्कळदा मोडी लिपीत असतात, तेव्हा जाणकार सोबत न्या. वहीच वाळवीने खाल्ली असेल आणि पणजोबांच्या नावे जमीन असेल, तर वारसांची नोंदवही, नमुना ६-क, आणि वारस-फेरफार तपासा.