पैसा सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?



माझे शिक्षण बेताचेच. हजेरीपट आणि पगारपत्रके वाचता वाचता जे शिकलो तेवढेच. म्हणून "सरकारने इतके दिले" असे कुणी म्हटले की मी आधी विचारतो, पत्रकावर नाव कुणाचे? धानाच्या बोनसविषयी आज हाच प्रश्न मला आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. २०२०-२१ च्या हंगामात आधारभूत किमतीवर क्विंटलमागे ७०० रुपये बोनस होता. २०२२-२३ मध्ये रीत बदलली. क्विंटल गेले, हेक्टर आले. त्या वर्षी हेक्टरी १५,००० आणि २०२३-२४ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये, मर्यादा दोन हेक्टरांची. म्हणजे जास्तीत जास्त ४०,००० रुपये. याखेरीज २०१९ साली सुरू झालेला केंद्राचा किसान सन्मान निधी वर्षाला ६,०००, आणि २०२३ साली राज्याने जाहीर केलेला नमो शेतकरी निधी आणखी ६,००० रुपयांचा.

हा पैसा देऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. खताचे, डिझेलचे आणि रोवणीचे भाव पाहता तो शेतकऱ्याच्या हक्काचाच आहे. पण शेतकरी कोण? सरकारी कागद म्हणतो, ज्याच्या नावे सातबारा तो. आता समजा, मालक नागपुरास नोकरीला आहे आणि त्याची दोन हेक्टर बांधी गावातला एक भूमिहीन माणूस ठेक्याने करतो. पऱ्हे त्याने टाकले, रोवणीची मजुरी त्याने दिली, पीक बुडाले तर कर्जही त्याच्याच डोक्यावर. पैसा मात्र मालकाच्या खात्यात. मालक भला असेल तर त्यातले काही देईल. पण हक्क मालकाच्या भलेपणावर टांगून ठेवायचा काय?

मालकाची भीतीही खोटी नाही. १९५८ च्या विदर्भ कुळकायद्यापासून त्याला वाटते, ठेका कागदावर आला की जमीन गेली. म्हणून व्यवहार तोंडी होतो, आणि तोंडी व्यवहाराला सरकारदरबारी किंमत नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील विडी कामगार बायांचे पाहा. घरी बसून विड्या वळणारीचे नाव कारखानदाराच्या पटावर नसे. मध्ये ठेकेदार असे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. अंमलबजावणीसाठी पुढे झगडावे लागले, ती गोष्ट वेगळी. पण पटापलीकडचा माणूस कायद्याला दिसला. मग बांधावरचा का दिसू नये? २०१६ साली नीती आयोगाने शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचविला. मालकी मालकाकडे सुरक्षित राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा व मदत मिळावी, हाच त्याचा हेतू.

माझे मागणे तेवढेच आहे. कसणाऱ्याची नोंद एका हंगामापुरती, मालकीहक्काला धक्का न लावता, स्वतंत्र वहीत व्हावी. तिची शहानिशा ग्रामसभेत व्हावी, कारण कोणाची बांधी कोण करतो हे गावाला तलाठ्याआधी ठाऊक असते. आणि लागवडीसाठी म्हणून दिलेला बोनस त्या नोंदीप्रमाणे वाटला जावा.

मालकाला जमिनीचा ठेका मिळतोच. घामाचे पैसे घाम गाळणाऱ्याला मिळावेत, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.